मीटरचे डायल घरीच बदलताना: खरं काम काट्याचं

गाडीच्या मीटरचा डायल, म्हणजे आकडे छापलेली चकती, बदलायला पाच मिनिटं पुरतात. दोन बारीक स्क्रू काढायचे, जुना डायल उचलायचा, नवा ठेवायचा, स्क्रू परत लावायचे. बाकीची सगळी दुपार जाते ती त्या डायलवर उभ्या असलेल्या काट्यापायी. काटा न वाकवता कसा काढायचा आणि होता तिथेच परत कसा बसवायचा, एवढं ज्याला जमलं त्याला हे काम जमलं.

मी पहिल्यांदा हे केलं तेव्हा वेगाचा आणि आरपीएमचा काटा जिवापाड जपला. इंधनाचा मात्र ‘एवढासा तर आहे’ म्हणत खूण न करताच उपसला. पुढचे तीन आठवडे टाकी कधी रिकामी झालीच नाही. पाव टाकी दाखवत दाखवतच गाडी एका चढावर बंद पडली. म्हणून या लेखात डायलपेक्षा काट्याबद्दल जास्त लिहिलं आहे.

पुढचं सगळं गोल, काट्याची मीटरं असलेल्या गाड्यांसाठी आहे: १९८९ साली आलेली पहिल्या पिढीची माझदा एमएक्स-५, मधोमध मोठा टॅकोमीटर (आरपीएम, म्हणजे इंजिनाचे फेरे दाखवणारं मीटर) आणि दोन्ही बाजूंना बाकीची मीटरं अशी पाच वर्तुळांची रांग मिरवणाऱ्या जुन्या पोर्शे ९११, आणि त्या घराण्यातल्या इतर गाड्या. ज्यांच्या डॅशबोर्डवर सरळ स्क्रीनच आहे, त्यांच्यासाठी इथे काही नाही.

विकत घेण्याआधी

बाजारात तीन तऱ्हेचे डायल मिळतात. पहिला म्हणजे पातळ स्टिकर. जुन्या डायलवरच चिकटवायचा, बऱ्याचदा काटा न काढता मधल्या भोकातून वाकवून सरकवायचा. सोपा असतो, पण त्याच्या जाडीमुळे काटा घासू शकतो आणि उन्हात कडा उचलल्या जातात. दुसरा, पूर्ण बदलायचा डायल: पारदर्शक प्लास्टिकच्या पत्र्यावर छपाई, आकड्यांमधून मागचा उजेड यावा अशी. माझी पसंती यालाच. तिसरा स्वतःच उजळणारा. त्यात दोन वाहक थरांमध्ये फॉस्फर असतो आणि त्याला बॅटरीचा १२ व्होल्टचा डीसी चालत नाही, म्हणून सोबत एक छोटा इन्व्हर्टर येतो. तो शंभरेक व्होल्टचा एसी तयार करतो. प्रवाह अगदी थोडा, पण चालू असताना उघड्या टोकाला हात लागला तर चांगलाच चटका बसतो. शिवाय इन्व्हर्टरची बारीक किणकिण शांत रात्री ऐकू येते. ती मला सहन होत नाही, तुम्हाला होईलही.

रंग कुठलाही निवडा, पण आकड्यांमधलं अंतर तपासल्याशिवाय पैसे देऊ नका. डायल ही नुसती मोजपट्टी, मोजतं ते आतलं यंत्र. कोणत्या वेगाला काटा किती अंश वळेल हे यंत्र ठरवतं, आणि ते डायल बदलल्याने बदलत नाही. समजा तुमच्या गाडीचं मीटर ० ते २४० चं आहे आणि तेवढ्याच कमानीत ० ते १८० छापलेला डायल तुम्ही लावला. गाडी १२० ने जात असेल तेव्हा काटा कमानीच्या मध्यावर असेल आणि नवा डायल सांगेल ९०. दिसायला झकास, चालवायला जीवघेणं. जुन्या डायलचा समोरून सरळ फोटो घ्या, नव्याच्या चित्राशी जुळवा, आणि निदान तीन आकडे त्याच कोनात येतात का ते पाहा.

मैलाचं मीटर किलोमीटरचं करायचं असेल तरी हाच नियम. ६० मैल जिथे होते तिथे साधारण ९७ किलोमीटर आले पाहिजेत. आतलं अंतर मोजणारं चाक मात्र मैलच मोजत राहील, ते डायलने बदलत नाही. त्या चाकाला हातही लावू नका. अनेक देशांत ओडोमीटरशी छेडछाड हा गुन्हा आहे. काम सुरू करण्याआधी त्याचा तारीख दिसेल असा फोटो काढून ठेवा, पुढे गाडी विकताना उपयोगी पडतो.

टॅकोमीटरच्या डायलवरची लाल पट्टी तुमच्याच इंजिनाची आहे ना, तेही बघा. त्याच मॉडेलमध्ये दोन इंजिनं आली असतील तर तिथेच गफलत होते.

आत काय बसलं आहे, ते ओळखा

काटा परत बसवण्याची पद्धत यावर अवलंबून आहे, म्हणून इथे घाई नको.

केबलवर चालणारं स्पीडोमीटर: गिअरबॉक्सकडून आलेली केबल एक लोहचुंबक फिरवते. त्याभोवती ॲल्युमिनियमची वाटी असते. दोघं एकमेकांना शिवत नाहीत, पण फिरत्या चुंबकामुळे वाटीत भोवरी प्रवाह तयार होतात आणि ती ओढली जाते. केसासारखी एक बारीक स्प्रिंग तिला मागे खेचते. या ओढाताणीत वाटी जिथे थांबते, तो तुमचा वेग. आता महत्त्वाचं: गाडी उभी असताना काटा शून्याच्या खुंटीला टेकलेला दिसतो, पण स्प्रिंगला त्याला त्याहूनही खाली न्यायचं असतं, खुंटी फक्त अडवते. म्हणजे दिसणारं शून्य हे स्प्रिंगचं शून्य नाही.

दोन आडव्या-उभ्या कॉइलचं मीटर: पुष्कळ टॅकोमीटर, तापमान आणि इंधनाची मीटरं या प्रकारची. यात बहुधा स्प्रिंग नसते. चावी बंद केली की काटा होता तिथेच लोळत राहतो. त्याची थरथर थांबावी म्हणून आत सिलिकॉनचं जाड तेल असतं, म्हणून असं क्लस्टर (सगळी मीटरं एकत्र बसवलेला डबा) तासन् तास पालथं ठेवू नये.

तापणाऱ्या पट्टीचं मीटर: चावी दिल्यावर काटा आळसावून हळूहळू चढतो. बंद केलं की तितक्याच सावकाश खाली येतो.

स्टेपर मोटरचं मीटर: अलीकडच्या गाड्यांत हेच. चावी दिली की मोटर आधी मागे जाऊन आपल्या आतल्या अडथळ्याला टेकते आणि तिथून मोजायला सुरुवात करते. काही गाड्यांत काटे एकदा टोकापर्यंत जाऊन परत येतात, ते याच जातीचे.

चावी देऊन, बंद करून दोन मिनिटं नुसतं बघितलं तरी कोणतं मीटर कोणत्या जातीचं याचा बऱ्यापैकी अंदाज येतो. आणि हे करतानाच पहिला फोटो घ्या: इंजिन गरम, चावी चालू, सगळे काटे स्पष्ट दिसतील असा, कॅमेरा अगदी समोर. तिरका फोटो फसवतो.

क्लस्टर बाहेर काढणं

बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल काढा आणि बाजूला बांधून ठेवा. एअरबॅगची गाडी असेल तर मॅन्युअलमध्ये दिलेला वेळ थांबा. तो सापडला नाही तर मी दहा मिनिटांखाली हात घालत नाही. रेडिओला कोड लागतो का, हे टर्मिनल काढायच्या आधी आठवा, नंतर नाही. बहुतेक गाड्यांत स्टिअरिंग व्हील न काढता काम होतं. तुमच्यात ते काढावंच लागत असेल आणि त्यात एअरबॅग असेल, तर तेवढा भाग जाणकाराकडून करून घ्या.

स्टिअरिंग शक्य तितकं खाली करा, त्यावर जाड पंचा टाका. स्टिअरिंग कॉलमचं प्लास्टिक कव्हर, मग मीटरवरचं हुड, मग क्लस्टरचे तीन-चार स्क्रू, साधारण हाच क्रम. हुडचे स्क्रू खालून वर तोंड करून लपलेले असतात. जोर लावावासा वाटला की समजावं, एखादा स्क्रू राहिला आहे. तीस वर्षांचं प्लास्टिक बिस्किटासारखं तुटतं.

क्लस्टर दोन-तीन बोटं पुढे आलं की थांबायचं. मागे कपलर (वायरींचे जोड) आहेत आणि केबलची गाडी असेल तर केबलही. केबलच्या टोकावरची जीभ दाबून ती सोडवायची. हात पोचत नसेल तर बॉनेटच्या बाजूने केबल आत ढकलून थोडी सैल करून घ्या. कपलर ओढताना वायर धरू नका, कपलरच धरा. प्रत्येकावर मास्किंग टेपचा तुकडा लावून आकडा लिहा, क्लस्टरच्या बाजूलाही तोच आकडा.

टेबलावर

पांढरी चादर, भरपूर उजेड, स्क्रूंसाठी बर्फाचा ट्रे. प्रत्येक खणात एकाच जागेचे स्क्रू. हात साबणाने धुवा आणि शक्यतो सुती हातमोजे घाला. डायलचा काळा रंग मखमलीसारखा मॅट असतो. त्यावर बोट टेकलं तर तिथे चकाकी येते आणि ती जात नाही. धूळसुद्धा फडक्याने पुसू नका, हवेच्या फुग्याने उडवा. पुढची काच खरं तर ॲक्रिलिक असते, तिला अमोनियाचा ग्लास क्लीनर वर्ज्य. कोमट पाणी, साबणाचा थेंब, मऊ कापड.

क्लस्टरच्या मागे तपकिरी किंवा निळसर लवचिक पत्रा दिसेल, आत तांब्याच्या रेषा. हीच सगळी वायरिंग. बऱ्याच जुन्या क्लस्टरमध्ये मीटर धरून ठेवणारे स्क्रूच वीज पोचवण्याचंही काम करतात. एखादा सैल राहिला तर मीटर मरतं, जास्त आवळला तर पत्रा फाटतो.

आता खुणा. डायलच्या कडेला मास्किंग टेपचे बारीक तुकडे लावा आणि टोकदार पेन्सिल घ्या.

स्प्रिंगच्या स्पीडोमीटरवर काटा टोकाशी किंचित वर उचलून खुंटीवरून पलीकडे जाऊ द्या. तो खाली जाऊन डुलत स्थिर होईल. ही जागा म्हणजे स्प्रिंगचं खरं शून्य. तिथे रेघ मारा, आणि ती रेघ नुसती डायलवर न ठेवता मीटरच्या धातूच्या अंगावरही उतरवा, कारण डायल तर जाणारच आहे. तापणाऱ्या पट्टीच्या मीटरला पूर्ण थंड झाल्यावर काटा जिथे थांबतो ती खूण चालते. कॉइलच्या मीटरला मात्र बंद असतानाची कुठलीच जागा खरी नाही, तिथे चावी चालू असतानाचा तो पहिला फोटो हाच पुरावा. स्टेपरला खुणेची तितकी गरज नाही, कारण ती दर वेळी स्वतःच आपलं शून्य शोधते.

काटा काढणं

काटा एका सुईएवढ्या दांड्यावर नुसता दाबून बसवलेला असतो. स्क्रू नाही, गोंद नाही, निदान असू नये. शत्रू दोन: दांडा वाकणं आणि काट्याचं जुनं प्लास्टिक तडकणं.

जाड कागदाला इंग्रजी यू आकाराची खाच कापून तो काट्याच्या बुडाखाली सरकवा, म्हणजे डायल ओरखडणार नाही. मग दोन चमचे घ्या, चहाचे. एकाचं टोक बुडाच्या डावीकडे, दुसऱ्याचं उजवीकडे, उलटे धरून, आणि दोन्ही दांडे एकदम, सारख्याच दाबाने खाली न्या. काटा सरळ वर आला पाहिजे. एका बाजूने उचकटला की दांडा वाकलाच म्हणून समजा. दुसऱ्या कुणाला वरून तळहात धरायला सांगा, कारण निघताना तो टुण्कन उडतो आणि मग सगळी मंडळी जमिनीवर रांगत असतात. निघत नसेल तर हेअर ड्रायरची मंद हवा बुडाला अर्धा मिनिट द्या आणि परत प्रयत्न करा.

काटा पिळून काढायचा सल्ला सगळीकडे मिळतो. स्टेपरवर बेताने चालतो. पण केसासारखी स्प्रिंग असलेल्या मीटरवर पिळू नका, ती ताणली गेली की खुणा निरुपयोगी होतात.

काढलेले काटे उलटे ठेवा, रंगीत बाजू वर राहिली तर धूळ चिकटते. कुठला कुठल्या मीटरचा, तेही लिहा. दिसायला सारखे असले तरी वजनात फरक असतो.

नवा डायल

दोन बारीक स्क्रू, काळे रंगवलेले असतील तर सहज दिसत नाहीत. जुना डायल उचला. नवा बसवण्याआधी तो उजेडाकडे धरून बघा: आकड्यांखेरीज कुठून प्रकाश येत असेल, तर त्या सुईच्या छिद्रांवर मागून काळ्या टेपचा ठिपका लावा. अंधारात गाडी चालवताना हेच ठिपके ताऱ्यांसारखे डोळ्यांत जातात. इंडिकेटर आणि हाय बीमच्या खिडक्या, ट्रिपच्या बटणाचं भोक, ओडोमीटरची चौकट, सगळं जागच्या जागी येतं का, ते स्क्रू लावण्याआधी तपासा. मधल्या भोकात दांडा अगदी मध्यावर हवा. कडेला घासत असेल तर डायल हलवा, दांडा नाही.

काटा परत

बोटाच्या टोकाने हलकेच दाबायचं. पहिल्यांदा पूर्ण बसवू नका, जेमतेम पकडेल एवढंच.

स्प्रिंगच्या मीटरवर काटा त्या खालच्या खुणेवर बसवा, शून्यावर नाही. मग टोक अलगद उचलून खुंटीच्या वर आणा. शून्यावरच बसवून टाकणं ही सगळ्यात सामान्य चूक. त्यात स्प्रिंगचा ताण हिशेबात येत नाही आणि मीटर सगळ्याच वेगांना जास्त दाखवतं. स्टेपरसाठी क्लस्टर कपलरला जोडा, बॅटरी परत लावा आणि चावी द्या, मोटर मागे जाऊन थांबू द्या, मग काटा शून्यावर. कॉइलच्या मीटरसाठी चावी चालू करून, फोटो घेताना होती तीच स्थिती असताना, फोटोतल्या जागेवर. तापमानासाठी इंजिन गरम करून घ्यावं लागतं. थर्मोस्टॅट उघडून पाणी स्थिरावलं की काटा आपल्या नेहमीच्या जागी यायला हवा. इंधनाची खूण हरवलीच, तर टाकी गळ्यापर्यंत भरा, चावी द्या, काटा पूर्णच्या रेघेवर ठेवा, आणि रिकाम्याचा दिवा लागेल तेव्हा काटा कुठे आहे ते पाहा. टाकी भरण्याचा खर्च टोइंगपेक्षा कमीच.

जागा पटली की मगच शेवटचा दाब. बूड आणि डायल यांच्यात मिलिमीटरभर फट राहिली पाहिजे. जास्त दाबलं तर बूड घासतं आणि काटा मध्येच अडकतो. ॲक्रिलिकवर नख वाजवलं की काटा उडी मारून पुढे जातो, हे त्याचं लक्षण.

बल्ब बदलायचा मोह

क्लस्टर उघडलंच आहे तर बल्बही बदलावेसे वाटतात. बदला, पण जुन्या बल्बवर हिरव्या किंवा निळ्या रबरी टोप्या असतील, तर नव्या डायलचा रंग त्यांच्यामुळेच मळकट दिसतो, आधी त्या काढून बघा. एलईडी उलट बसला तर पेटत नाही, अर्धा फेरा फिरवून बसवा. मंद-प्रखर करणारं जुनं चाक एलईडीवर नीट चालेलच असं नाही.

एक दिवा मात्र जसाच्या तसा राहू द्या: बॅटरी चार्जिंगचा लाल दिवा. पुष्कळ जुन्या गाड्यांत याच बल्बमधून जाणारा प्रवाह अल्टरनेटरला सुरुवातीचा धक्का देतो. तिथे एलईडी लावला तर तेवढा प्रवाह जात नाही आणि अल्टरनेटर चार्जच करायला लागत नाही, किंवा आरपीएम चढवल्यावरच लागतो. लोक मग अल्टरनेटर बदलतात.

रस्त्यावर तपासणी

सगळं आवळण्याआधी जोडून, बॅटरी लावून एकदा सगळे दिवे, इंडिकेटर, हँडब्रेक, ऑइलचा दिवा बघून घ्या. मग सोबत कुणाला तरी घ्या. मोकळा, सपाट, सरळ रस्ता, फोनवर जीपीएसचा वेग, तो वाचणार सोबतचा माणूस. ४०, ६०, ८० वर काही सेकंद स्थिर चालवायचं आणि आकडे लिहायचे.

आकडे तंतोतंत जुळणार नाहीत, आणि जुळूही नयेत. संयुक्त राष्ट्रांच्या नियम ३९ प्रमाणे स्पीडोमीटरने खऱ्या वेगापेक्षा कमी कधीच दाखवायचं नाही. जास्त दाखवलं तर चालतं, पण खऱ्या वेगाच्या दहाव्या भागात ४ मिळवून येईल तेवढंच. म्हणजे खरे ८० असताना ९२ पर्यंत. तुमचं मीटर खऱ्यापेक्षा कमी दाखवत असेल, तर त्याच दिवशी परत उघडा.

फरकाचा आकार बघा, तो दोष कुठे आहे ते सांगतो. ४० ला ६ जास्त, ८० लाही ६ जास्त, असा ठरावीक फरक असेल तर काटा चुकीच्या जागी बसला आहे. ४० ला ५ आणि ८० ला १०, असा वेगाबरोबर वाढत असेल तर काटा बरोबर आहे, डायलची आखणी किंवा टायरचा आकार चुकला आहे. मूळपेक्षा मोठे टायर असले की मीटर कमी दाखवतं. काटा कितीही सरकवला तरी हा दुसऱ्या जातीचा दोष जात नाही. एका जागी जुळवाल, दुसऱ्या जागी बिघडेल.

टॅकोमीटरसाठी, गाडीत ओबीडी सॉकेट (गाडीच्या संगणकाची माहिती वाचायची जागा) असेल तर, त्यात छोटा रीडर लावून फोनवरचा आरपीएम काट्याशी ताडून बघता येतो. आयडलला आणि ३००० ला बघितलं तरी पुरे.

ऑइल प्रेशरच्या काट्याबद्दल एमएक्स-५ वाल्यांना एक सूचना: पहिल्या पिढीच्या सुरुवातीच्या गाड्यांत हे मीटर खरा दाब दाखवायचं, काटा आरपीएमबरोबर हलायचा. १९९५ पासून ते नुसतं आहे-नाही सांगणारं झालं आणि काटा मध्यावर चिकटून बसतो. तुमचा हलत नसेल तर आधी गाडीचं साल बघा, मग काट्याला दोष द्या.

जुने डायल दोन पुठ्ठ्यांमध्ये सपाट ठेवून पाकिटावर त्या दिवशीचा ओडोमीटरचा आकडा लिहून ठेवा. आणि टाकी एकदा पूर्ण भरून पाव होईपर्यंत हत्यारांची पेटी माळ्यावर टाकू नका.